जुन्या ऑम्नी कॅम्परचे इंजिन घरी कसे बदलावे

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये रस्त्यावर आली आणि पुढे ऑम्नी या नावाने २०१९ पर्यंत बनत राहिली. तिच्या पुढच्या सीटांखाली ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे, एफ-८-बी जातीचे पेट्रोल इंजिन असते. ते इतके आटोपशीर आहे की तयारी नीट केली, तर दोन माणसे घरच्या अंगणात ते उतरवून दुसरे चढवू शकतात. मागची बाके काढून पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली माझी जुनी ऑम्नी, म्हणजेच माझा कॅम्पर, याच रीतीने पुन्हा रस्त्यावर आली. ज्याला पाना हाती धरण्याची सवय आहे, पण इंजिन कधी उतरवलेले नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे.

इंजिन खरोखरच गेले आहे का?

आपल्याकडे खानदेशात उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि त्या दिवसांत गाडी एकदा तापली की बहुतेक वेळा आधी हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ पट्टी) जाते. ऑईल दुधाळ होणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, पाणी सारखे कमी होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा गाडीचे हेड उतरवून, ते सपाट करून घेऊन नवे गॅस्केट टाकल्यास काम भागू शकते, म्हणून घाईने इंजिन बदलू नये. याउलट सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, ऑईल भरण्याचे झाकण उघडताच आतून वाफेसारखा भपकारा येत असेल, म्हणजेच इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल (सिलिंडरमधला वायू पिस्टनच्या बाजूने खाली निसटत असेल), तर तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब, मोजावे. सिलिंडरा-सिलिंडरांत दर चौरस सेंटीमीटरला एक किलोहून अधिक फरक पडत असेल, तर कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे. ऑईल टाकल्यावर आकडा वर चढला तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. न चढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे. रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) दोन्ही गेलेल्या इंजिनाला बोअर करून नवे पिस्टन बसवण्यापेक्षा चांगले जुने इंजिन मिळवून बदलणे अनेकदा स्वस्त पडते.

इंजिन घेताना ऑम्नीचेच, आणि आपल्या गाडीच्याच प्रकारचे घ्यावे. मारुती ८०० चे इंजिन त्याच कुळातले असले तरी त्या गाडीत ते आडवे बसते, त्यामुळे ऑईल चेंबर, मॅनिफोल्ड आणि माउंटिंग जुळतीलच असे धरून चालू नये. कार्बोरेटरच्या गाडीत एमपीएफआयचे (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) इंजिन बसवण्याच्याही फंदात पडू नये. वायरिंग, कॉम्प्युटर आणि पेट्रोलपंप असे सगळेच बदलावे लागते. विकणाऱ्याकडून पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिच्या आरसी बुकाची प्रत घ्यावी, आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर त्या प्रतीशी स्वतः अक्षर-अक्षर ताडून पाहावा. नंबर घासलेला दिसला, तर इंजिन कितीही स्वस्त असले तरी तेथून निघून यावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलणे हा गाडीतील फेरफार ठरतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच आपल्या आरटीओ कार्यालयात (जळगाव एमएच-१९, धुळे एमएच-१८, नंदुरबार एमएच-३९) चौकशी करून मंजुरी घ्यावी. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत तो कळवावा आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा. विमा कंपनीलाही लेखी कळवावे, कारण नंबर जुळत नसेल तर अपघातानंतर दावा अडकतो. गाडी एलपीजीवर चालत असेल, तर गॅसच्या पाइपांना घरी हात लावू नये. तेवढे काम अधिकृत माणसाकडून सोडवून आणि जोडवून घ्यावे.

जागा आणि वेळ

काळ्या मातीवर जॅक लावू नये. वरून कितीही टणक दिसली तरी ही माती उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसात फुगलेली असते, आणि जॅकचा पाय तिच्यात तिरपा रुततो. कोबा किंवा काँक्रीट असलेले अंगण, गोठ्याची पक्की जमीन किंवा शेतमालाचे गोदाम यांपैकी काहीतरी शोधावे. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावे. मे महिन्यात दुपारी तापलेल्या कोब्यावर पाठ टेकून गाडीखाली काम करणे माणसाला सोसत नाही, आणि घामेजल्या हातातून पाना निसटतो. दोन माणसांना सवडीने चार दिवस लागतात.

ट्रॉली जॅक, चार लोखंडी स्टँड, गोटी पाने आणि रिंग पाने, टॉर्क पाना, जाड फळ्या आणि ऑईल धरायला पसरट टब एवढे सामान हवे. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली टेकू म्हणून कधीही लावू नयेत, कारण ते आधी काही इशारा न देता एकदम फुटतात. विहिरीतील मोटार वर काढायची तिवई आणि चेनपुली गावात कोणाकडे तरी असतेच. इंजिन जमिनीवरून उचलून बाकावर ठेवायला ती फार उपयोगी पडते. मी शेजारच्या केळीवाल्या काकांची आणली होती.

आधी कॅम्पर रिकामा करावा

नेहमीच्या ऑम्नीत नसलेली एक गोष्ट कॅम्परमध्ये असते, ती म्हणजे दिवे-पंख्यासाठी बसवलेली दुसरी बॅटरी. ही बॅटरी अल्टरनेटरवरून भरत असेल, तर मुख्य बॅटरीची तार काढल्यावरही अल्टरनेटरच्या जाड तारेत वीज शिल्लक राहते, आणि त्या तारेचे टोक चेसिसला टेकताच ठिणग्या उडतात. बाजूला पेट्रोलचा पाइप उघडा असेल तर पुढे काय होईल हे सांगायला नको. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह तारा काढून त्यांच्या टोकांवर कापड गुंडाळावे. गॅसचे सिलिंडर घराबाहेर मोकळ्या जागी न्यावे. पाण्याची टाकीही रिकामी करावी, कारण चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो वजन, आणि नाक वर उचललेल्या गाडीत ते मागे ओढत राहते.

इंजिन उतरवणे

पुढच्या सीटा आणि झाकण काढून प्रत्येक तारेचा, नळीचा आणि केबलचा फोटो घ्यावा. फोटो पुरेसे नसतात. शिवणकामाच्या पट्टीचे तुकडे कापून दोन्ही टोकांना तोच आकडा लिहावा. इंजिन थंड असताना पाणी आणि ऑईल काढावे. मग एअर फिल्टर, कार्बोरेटरच्या चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, पेट्रोलचे पाइप (टोके बोल्ट घालून बंद करावीत), रेडिएटरच्या नळ्या, डिस्ट्रिब्युटरच्या तारा, सेल्फ, अल्टरनेटर आणि सायलेन्सरचा पाइप या क्रमाने सोडवत जावे. सायलेन्सरचे बोल्ट गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

मागची चाके अडवून पुढचा भाग थोडा-थोडा, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, असा वर घ्यावा आणि प्रत्येक वेळी स्टँड सरकवावेत. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर रंगाची खूण करून तो काढावा आणि गिअरबॉक्सचे मागचे तोंड कापडाने बांधावे, नाहीतर त्याचे ऑईल सगळे खाली येते. क्लचची केबल, गिअरचे रॉड, स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स दिव्याची तार सुटली की गिअरबॉक्सखाली जॅक आणि ऑईल चेंबरखाली फळी ठेवून दुसरा आधार द्यावा. जोडाचे बोल्ट काढून गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा. तो क्षणभरही क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये.

यानंतर इंजिन दोन-तीन माउंटिंगवरच उरते. ते जॅकवर तोलून, माउंटिंगचे नट सोडून, हळूहळू खाली जाड गोणपाटावर टेकवावे. आता मोजपट्टीने जमिनीपासून इंजिनाच्या सर्वांत उंच टोकापर्यंतची उंची घ्यावी, आणि चेसिसचा खालचा भाग त्याहून निदान पाच सेंटीमीटर वर जाईपर्यंत गाडी उचलावी. मगच इंजिन बाजूने ओढून काढावे. या वेळी कोणीही गाडीखाली डोके घालू नये, ओढायला दोर वापरावा.

जमिनीवर असताना करावयाची कामे

नवे इंजिन खोक्यातून काढून थेट चढवायची घाई होते. मी पहिल्यांदा तेच केले. क्रँकच्या मागच्या टोकाचे ऑईल सील कोरडे दिसले म्हणून मी ते तसेच ठेवले. तीनशे किलोमीटरच्या आत क्लच घसरू लागला, आणि सगळे पुन्हा उतरवून पाहिले तेव्हा प्लेट ऑईलने काळी झाली होती. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेल्या इंजिनाचे रबर कडक झालेले असते. ते थंड असताना गळत नाही, पण गरम झाले की गळू लागते. बोटाच्या नखाने सीलची कड दाबून पाहावी. ती लवचिक न राहता टणक लागली, तर दुकानदार काहीही म्हणो, सील बदलावे.

म्हणून इंजिन बाकावर असतानाच पुढचे आणि मागचे ऑईल सील, पाण्याचा पंप, टायमिंग बेल्ट आणि त्याचे टेन्शनर, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), पाण्याच्या सगळ्या नळ्या, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे भाग नवे टाकावेत. हे इंजिन साखळीवर नाही, टायमिंग बेल्टवर चालते, आणि विकणाऱ्याने बेल्ट नवा आहे असे सांगितले तरी तो केव्हा टाकला हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. बेल्ट बसवल्यावर क्रँक आणि कॅमच्या पुलींवरच्या खुणा जुळवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. कोठेही अडल्यासारखे वाटले, तर जोर न लावता बेल्ट काढून नव्याने जुळवावा.

क्लच प्लेट मध्यभागी बसवण्यासाठी मिस्त्री लोक जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरतात. तो प्लेटमधून फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे आवळावेत. शाफ्टच्या दातऱ्यांवर ग्रीसचा केवळ पातळ हात फिरवावा. जास्त ग्रीस उडून प्लेटवर जाते.

रेडिएटर जुनाच राहणार असेल, तर तो याच वेळी रॉडिंग करून (नळ्यांत सळई फिरवून) साफ करून घ्यावा. आपल्याकडील बोअरवेलचे पाणी क्षारांचे असते आणि त्याच्या पांढऱ्या थराने रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. बरेच जण उन्हाळ्यासाठी थर्मोस्टॅट काढून टाकतात. मी तसे करू नये असे म्हणतो, कारण त्यामुळे इंजिन हिवाळ्यातील सकाळी योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त पिते, आणि रेडिएटर चोंदलेला असल्यास उन्हाळ्यातही काही फायदा होत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचेच मिश्रण भरावे, आणि रेडिएटरचे झाकण नवे घ्यावे. ज्या झाकणावर ०.९ लिहिलेले असते ते तेवढ्या बार दाबापर्यंत बंद राहते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाचे सैल रबर हेही उन्हाळ्यात गाडी उकळण्याचे कारण असू शकते.

पुन्हा चढवणे आणि पहिला सेल्फ

उतरवण्याचा क्रम उलट करत जावे. गिअरबॉक्स इंजिनाशी जोडताना तो हाताने सरकून पूर्ण टेकला पाहिजे. फट राहिली असताना बोल्ट आवळून ओढल्यास घराचे कान तुटतात. सरकत नसेल तर क्रँक थोडा फिरवून दातऱ्या जुळवाव्यात. इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी विसरू नये. ती राहिली तर सेल्फची वीज ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल जळते.

ऑईल भरावे, साधारण तीन लिटर लागते, पण गेजवरची खूणच खरी मानावी. गिअरबॉक्सचे सांडलेले ऑईलही भरून घ्यावे. मग तिन्ही प्लग काढून, कॉइलची तार (एमपीएफआय गाडीत इंजेक्टरची जोडणीही) सोडवून, सेल्फ पाच-पाच सेकंद मारावा. डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा विझला म्हणजे ऑईल वर पोहोचले. त्यानंतर प्लग बसवून तारा १-३-२ या क्रमाने जोडाव्यात आणि इंजिन सुरू करावे.

रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटांखाली असल्याने पाण्याचे पाइप लांब असतात आणि त्यांत हवा अडकते. गाडीचे नाक थोडे वर ठेवून, झाकण उघडे ठेवून, थंड इंजिन सुरू करावे. नळ्या हाताने दाबत बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहावे आणि मग झाकण लावावे. एकदा इंजिन गरम झाले की झाकणाला हात लावू नये. पंखा आपोआप सुरू होऊन पुन्हा बंद झाला की इंजिन बंद करून खाली पांढरा पुठ्ठा पसरावा आणि अर्ध्या तासाने पाहावे. पुठ्ठ्यावरच्या थेंबाचा रंग आणि जागा पाहून गळती कोठून आहे ते कळते.

पहिले पाचशे किलोमीटर भुसावळ-जळगावसारख्या सपाट रस्त्यावर, फार वेग न घेता आणि गाडीत सामान न भरता काढावेत. त्यानंतर ऑईल आणि फिल्टर बदलावा, आणि माउंटिंग, सायलेन्सर व प्रोपेलर शाफ्ट यांचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. पाण्याची टाकी, सिलिंडर आणि दुसरी बॅटरी चढवून पूर्ण भारासह तोरणमाळचा घाट त्यानंतरच घ्यावा. घाटात काटा नेहमीच्या खुणेच्या वर सरकला, तर दुसऱ्या गिअरमध्ये येऊन वेग कमी करावा. तरीही चढत राहिला, तर वळण सोडून रुंद जागी गाडी उभी करावी आणि इंजिन लगेच बंद न करता पंखा चालू असताना दोन मिनिटे तसेच चालू द्यावे.