जुने अमेरिकन घडीचे चाकू जमवताना या चुका टाळा

जुन्या अमेरिकन घडीच्या चाकूंचा नाद लागला की माणूस पहिल्यांदा पात्याच्या बुडाशी असलेला ठसा वाचायला शिकतो. पातं मुठीत शिरतं तिथे, धार संपल्यावर जो सपाट तुकडा राहतो त्याला टँग म्हणतात. कंपनीचं नाव, गाव, कधी नमुन्याचा क्रमांक, सगळं तिथे दाबून उमटवलेलं असतं. भिंग लावायचं, नाव वाचायचं, फोनवर शोधायचं आणि खूश व्हायचं. महागात पडणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. ठसा हा पुरावा आहे, पण एकटा पुरावा पुरत नाही. पातं, स्प्रिंग, पिना, मूठ, झीज हे सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत का, ते बघायचं असतं.

नाव जुनं, चाकू नवा

अमेरिकेत चाकूंचे कारखाने बंद पडले, पण नावं मेली नाहीत. ती विकली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावातली न्यूयॉर्क नाइफ कंपनी हे याचं नामी उदाहरण. एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेली ही कंपनी १९३१ मध्ये बंद झाली. तिचा 'हॅमर ब्रँड' हा शिक्का पुढे ऱ्होड आयलंडच्या इम्पीरियल कंपनीने स्वस्तातल्या चाकूंवर वापरला. त्या चाकूंची मूठ म्हणजे पत्र्याचं कवच आणि त्यावर सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा थर. शिक्का हॅमरचाच, म्हणून वॉल्डनच्या चाकूचा भाव देणारे आजही भेटतात. मुठीच्या कडेला पत्रा आत दुमडलेला दिसला, की ओळखा.

श्रेडचंही तसंच. १९०४ मध्ये वॉल्डनलाच सुरू झालेली ही कंपनी १९४० च्या दशकात विकली गेली आणि ठसा 'श्रेड वॉल्डन' झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस काम जवळच्या एलनव्हिलला गेलं, पण ठशात वॉल्डन हे नाव १९७० च्या दशकापर्यंत टिकलं. म्हणजे ठशातलं गावसुद्धा शब्दशः घेऊ नये. २००४ मध्ये तो कारखाना बंद पडला आणि नाव दुसऱ्यांकडे गेलं. त्यानंतर त्या नावाने आलेले बहुतेक चाकू चीनमध्ये बनलेले आहेत. कॅमिलसचा न्यूयॉर्कमधला कारखाना २००७ मध्ये बंद झाला, पुढे तेही नाव विकलं गेलं.

रेमिंग्टनबाबत गोंधळ आणखी वाढतो. पहिल्या महायुद्धानंतर ही बंदुका बनवणारी कंपनी चाकूंकडे वळली आणि १९४० मध्ये तिने तो धंदा विकून टाकला. मुठीत बंदुकीच्या काडतुसाच्या आकाराची धातूची शील्ड, म्हणजे छोटा बिल्ला, असलेले तिचे 'बुलेट' चाकू संग्राहकांचे जीव की प्राण. त्यातला आर ११२३ हा १९२२ चा नमुना. त्याच क्रमांकाची नवी आवृत्ती १९८२ मध्ये निघाली. ती वाईट नाही, पण ती साठ वर्षांनी धाकटी आहे आणि किंमतही तशीच हवी. विंचेस्टरचे मूळ चाकू १९१९ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचे. त्या नावाचेही पुढे नवे चाकू निघाले.

उलटा घोळही होतो. पात्यावर 'कीन कटर' किंवा 'क्राफ्ट्समन' दिसलं की तो कारखाना समजून लोक शोधत बसतात. पहिलं नाव सेंट लुईसच्या सिमन्स या हार्डवेअर व्यापाऱ्यांचं, दुसरं सिअर्स या दुकानांच्या साखळीचं. विकणारा एक, बनवणारा दुसरा. अशा वेळी नाव बाजूला ठेवून नमुन्याचा आकार, स्प्रिंगची ठेवण आणि शील्ड जुन्या कॅटलॉगशी ताडून बघावी लागते. मला विचाराल तर संशोधनाची खरी गोडी या चाकूंतच आहे.

केसचे ठिपके मोजताना

ब्रॅडफर्ड, पेनसिल्व्हेनियाच्या केस कंपनीने संग्राहकांची मोठी सोय करून ठेवली आहे. 'टेस्टेड एक्सएक्स' हा ठसा साधारण १९२० ते १९४० चा, नुसता 'केस एक्सएक्स' १९४० ते १९६४ चा, 'केस एक्सएक्स यूएसए' १९६५ ते १९६९ चा. १९७० मध्ये नावाखाली दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक कमी होत १९७९ ला एकच उरला. इतकं पाठ झालं की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. कारण १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपक्यांपासून सुरुवात झाली. फरक नावातल्या 'एस' अक्षरात आहे: १९८० पासूनचा एस विजेच्या रेघेसारखा टोकदार आहे. ठिपके मोजण्याआधी एस बघा.

नमुन्याचा क्रमांकही वाचता यायला हवा. ६२५४ मध्ये ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ हा ट्रॅपर नमुना. ५ ने सुरू होणारा क्रमांक शिंगाच्या मुठीचा, ३ ने होणारा पिवळ्या कृत्रिम मुठीचा. तेव्हा पात्यावर ६ आणि मूठ पिवळी असेल तर एकतर मूठ बदलली आहे किंवा पातं. मात्र दोन पात्यांवर दोन लागोपाठच्या काळांचे ठसे असले तर लगेच 'जोडकाम' म्हणून फेकू नका. ठसा बदलला त्या वर्षी कारखान्यात जुनी पाती शिल्लक होती आणि ती वापरली गेली. १९६४-६५ चे असे चाकू अस्सल आहेत आणि त्यांना मागणीही आहे.

इतर कंपन्यांच्या बाबतीत वर्ष इतकं नेमकं मिळत नाही. पेटंट क्रमांक असेल तर तो 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो: २० लाखांच्या पुढचा क्रमांक म्हणजे १९३५ किंवा नंतर. परदेशी चाकूवर 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असेल तर तो बहुधा १८९१ नंतर अमेरिकेत आलेला, कारण मॅकिन्ली टॅरिफने देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. नाव नाही म्हणून तो त्याआधीचाच, असं मात्र धरू नका.

खोटा ठसा कसा पकडायचा

साधं पातं घासून त्यावर भारी ठसा मारणं हा जुना धंदा आहे. पकडायला डोळे आणि भिंग पुरतात. चाकू अर्धा उघडा, उजेडासमोर धरा आणि टँग व दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या यांच्यातली फट बघा. घासलेली टँग पातळ होते, त्यामुळे फट वाढते आणि पातं डगमगतं. दुसरं पातं असेल तर दोन्ही टँगांची जाडी ताडून बघा.

मग गंजाचे खड्डे बघा. अस्सल ठसा आधी आणि गंज नंतर, म्हणून खड्डे अक्षरांवरून बेधडक जातात, एखाद्या अक्षराची कड खातात. पात्यावर सगळीकडे खड्डे आणि टँगचा तुकडा तेवढा आरशासारखा स्वच्छ, हे कधीच निरागस नसतं. दाबून मारलेल्या ठशाच्या कडा करकरीत असतात. आम्लाने कोरलेली अक्षरं उथळ आणि कडांना मऊ दिसतात.

पिनांची डोकी चकचकीत आणि बाकी चाकू काळवंडलेला, याचा अर्थ तो उघडून पुन्हा बांधला आहे. जुनं हाड कालांतराने जरा आकसतं, म्हणून बोल्स्टरपाशी, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्यापाशी, केसाएवढी फट आणि पिनेभोवती बारीक तडा दिसला तर घाबरू नका. शंभर वर्षांच्या हाडाला एकही फट नसेल, तर मात्र विचारा.

मूठ हाडाची की प्लास्टिकची हे ठरवायला तापलेली सुई टोचायचा सल्ला मिळतो. कृपा करून हे करू नका. कायमचा डाग पडतो, आणि मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेऊ शकते. भिंगातून मुठीची कड बघा. हाडात बारीक काळसर छिद्रं आणि रेषा दिसतात, प्लास्टिक एकसारखं असतं.

घरी आणल्यावर हात आवरा

सगळ्यात जास्त चाकू मालकांच्या प्रेमाने मेले आहेत. घरी आणलं, बफवर म्हणजे पॉलिशच्या चाकावर धरलं, लखलखीत केलं. त्यात पात्यावरचं कोरलेलं नक्षीकाम गेलं, ठशाच्या कडा गोल झाल्या आणि पोलादावरची राखाडी-निळसर झाक गेली. ती झाक खराबी नव्हे. लाल, भुरभुरणारा गंज तेवढा काढायचा आणि करडा डाग राहू द्यायचा. पॉलिश पेपर नको. तेलाचा थेंब, लाकडी टूथपिक, मऊ फडकं आणि वेळ.

पातं जाम असेल तर जोर लावून नखाची खाच तोडू नका. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, एक दिवस ठेवा, हळूहळू उघडझाप करा, बाहेर येणारी काळी घाण पुसा आणि पुन्हा तेच करा. गोडेतेल वापरू नका, ते चिकट होऊन बसतं. गरम पाण्यात टाकला तर हाड तडकतं. घाण निघूनही पातं ठणकन बसत नसेल तर स्प्रिंग थकली आहे. पिन ठोकून ती सुधारत नाही, उलट मूठ फुटते.

धार लावायचा मोह आवरा. संग्रहाच्या चाकूची किंमत पातं किती भरीव उरलंय यावर ठरते. मिटलेल्या चाकूचं टोक पट्ट्यांच्या वर डोकावत असेल तर पातं धार लावून लावून झिजलं आहे की काय, किंवा टोकच नंतर घडवलेलं आहे की काय, ते तपासा.

सेल्युलॉइड वेगळं ठेवा

रंगीबेरंगी, मोतिया, 'कँडी'सारख्या पट्ट्यांच्या मुठी दिसायला सुरेख. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं बनतं, आणि काही मुठी काही दशकांनी आतून विघटित व्हायला लागतात. उग्र वास येतो, मूठ चिकट किंवा भेगाळ होते, पितळेवर हिरवा कळंक चढतो आणि पात्याचा मुठीला लागून असलेला भागच नेमका गंजतो. हा वायू शेजारच्या चाकूंनाही खातो. त्यामुळे बंद डब्यात पाच चांगले चाकू आणि एक आजारी असेल तर काही वर्षांनी सहाही आजारी. असा चाकू लगेच वेगळा काढा, हवेशीर जागी ठेवा, उष्णतेपासून लांब. कातडी म्यानात तर कुठलाच चाकू साठवू नका. कमावलेल्या कातड्यातली रसायनं पितळ आणि पोलाद दोन्हींना लागतात.

भावाचं थोडक्यात: विक्रेत्याने मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. झालेल्या विक्रीचे आकडे बघा, आणि तेही त्याच अवस्थेतल्या चाकूचे.

भारतात पाठवायचा किंवा आणायचा विचार असेल तर मूठ आधी तपासा. जुन्या अमेरिकन आणि जर्मन चाकूंवरचं 'स्टॅग' हे पुष्कळदा आपल्याकडच्या सांबराचं शिंग आहे, भारतातून निर्यात होत होतं त्या काळचं. परत इथे आणताना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येऊ शकतो. हस्तिदंती मुठीचं प्रकरण त्याहून अवघड, अमेरिकेतही २०१६ पासून त्याच्या विक्रीवर कडक बंधनं आहेत. अशा चाकूंचे व्यवहार कागदपत्रं हातात आल्याशिवाय करू नका. हाडाच्या मुठीला सहसा हा प्रश्न येत नाही, फक्त विमानात तो केबिन बॅगेत नको, चेक-इन सामानात टाका.