घरात एकाला जुलाब-उलट्या झाल्या, तर बाकीच्यांना कसे जपावे

एका छपराखाली राहणाऱ्यांच्या पोटातले जिवाणूही एकमेकांकडे जात-येत असतात. २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात एकत्र राहणाऱ्यांच्या आतड्यांतले सुमारे १२ टक्के जिवाणूंचे वाण सारखे निघाले, तोंडातले ३२ टक्के. यातले बहुतेक निरुपद्रवी. पण जुलाब-उलट्या घडवणारा नोरोव्हायरस हा विषाणू आणि जुलाब घडवणारा शिगेला हा जिवाणूही घरातल्या हातांवरून पसरतात. त्यामुळे ‘ताट-वाटी वेगळी ठेवली की झालं’ हा सल्ला अपुरा आहे.

रुग्णाला ओआरएस द्या. पाणी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. शौचातून रक्त, खूप सुस्ती किंवा लघवी बंद झाली, तर लगेच डॉक्टर गाठा. कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मुळीच देऊ नका. विषाणूवर त्या चालत नाहीत, पोटातले चांगले जिवाणू मात्र मारतात.

आता उलटी साफ करणे. मला सगळ्यात उशिरा जमले ते हेच. बहुतेक घरांत बादलीभर पाणी ओततात आणि खराट्याने घाण मोरीकडे ढकलतात. तसे करू नका. शिंतोडे उडतात आणि विषाणू भिंतीपर्यंत जातो. हातमोजे घाला, खिडकी उघडा, जुन्या वर्तमानपत्राने घाण टिपून पिशवीत घट्ट बांधा. ब्लीच त्यानंतर. घाणीवरच ओतले तर त्यातला क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. ५ टक्क्यांचे ब्लीच असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली घ्या, डागाच्या बऱ्याच बाहेरपर्यंत फरशी भिजवा आणि किमान ५ मिनिटे तशीच ठेवा. लगेच पुसलेत तर सगळी मेहनत वाया. फिनेलच्या वासावर विसंबू नका. आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

नळाची चावी, कडी, फ्लशचे बटण, संडासातला मग हेही याच द्रावणाने पुसा. हात साबणानेच धुवा, नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही.

माठात कोणीही पेला बुडवू नये, ओगराळ्यानेच पाणी घ्यावे.

जुलाब-उलट्या थांबल्यावर पूर्ण ४८ तास रुग्णाने स्वयंपाकघरात काम करायचे नाही. आजारी पडलेली आईच असेल आणि ‘आता मला बरं वाटतंय’ म्हणत कणीक मळायला बसली, तरी तिला उठवा. पोळ्या दुसऱ्या कोणी लाटाव्यात, नाहीतर डबा मागवावा. नोरोव्हायरस बरे वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून बाहेर पडत राहू शकतो, म्हणून तेवढे दिवस संडासातल्या नळाशी साबण कायम असू द्या.