मुदतपूर्व प्रसूतीवरील बहुकेंद्री अभ्यास कसा उभारावा

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती ती मुदतपूर्व प्रसूती, ही व्याख्या सर्वत्र एकच आहे. तरीही दोन रुग्णालयांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की त्यांची तुलना करणे अवघड जाते, कारण गर्भाचे वय ठरवण्याची रीत बहुतेकदा ठिकठिकाणी निराळी असते. म्हणून अनेक केंद्रांवर चालणाऱ्या अभ्यासात सर्वाधिक कष्ट या एका मोजमापावर घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. इतर उणिवा पुढे थोड्याफार भरून काढता येतात. गर्भाचे वय सुरुवातीलाच चुकले, तर संख्याशास्त्राची कोणतीही पद्धत ते नंतर सुधारू शकत नाही.

आधी केंद्रे किती हवीत ते ठरवावे. जगभरात साधारणपणे दर दहा बाळांमागे एक मुदतपूर्व जन्मते आणि त्यांपैकी सुमारे १५ टक्के बाळे ३२ आठवड्यांच्या आत जन्मतात. म्हणजे एक हजार गर्भवतींची नोंदणी केली तरी अशी बाळे पंधराच्या आसपास मिळतात. त्यांतही आपोआप सुरू झालेली प्रसूती आणि आई किंवा बाळाच्या जिवाला असलेल्या धोक्यामुळे डॉक्टरांनी ठरवून केलेली प्रसूती हे दोन गट वेगळे ठेवावेच लागतात, कारण त्यांच्यामागची कारणे बऱ्याच अंशी भिन्न असतात. एवढ्या थोड्या नोंदींवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. एकाच केंद्रातील स्त्रिया अनेक बाबतींत एकमेकींसारख्या असतात, हे लक्षात घेऊन नमुन्याचा आकार वाढवावा लागतो. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाला आराखडा लिहितानाच सोबत घ्यावे.

गर्भाच्या वयासाठी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, म्हणजे अहवालातील सीआरएल, ८४ मिलिमीटरपर्यंत असेल तोवर, साधारणपणे १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, तिच्यावरून वय ठरवावे. शेवटच्या पाळीची तारीखही विचारून लिहून घ्यावी, मात्र दोन्हींत फरक पडल्यास कोणती ग्राह्य धरायची हा नियम आराखड्यात आधीच लिहिलेला असावा. प्रचलित असलेला एक नियम असा: ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत पाचहून अधिक दिवसांचा आणि ९ ते १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत सातहून अधिक दिवसांचा फरक असल्यास सोनोग्राफीची तारीख घ्यावी. वय नेहमी आठवडे आणि दिवस अशा दोन रकान्यांत भरावे. ३६ आठवडे ६ दिवसांची नोंद एखाद्याने ‘३७’ अशी पूर्णांकात केली, की ते बाळ मुदतपूर्व गटातून गुपचूप बाहेर पडते, आणि असे एकाच केंद्रात होत राहिले तर तिथले प्रमाण विनाकारण कमी दिसते.

या बाबतीत गर्भाच्या आणि नवजात बाळांच्या वाढीची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पाकडून बरेच शिकण्यासारखे आहे. पेलोटास, तुरिन, मस्कत, ऑक्सफर्ड, सिॲटल, नैरोबी, बीजिंग आणि नागपूर या आठ ठिकाणी एकाच प्रकारची सोनोग्राफी यंत्रे वापरली गेली, मोजणाऱ्यांना एकसारखे प्रशिक्षण दिले गेले, आणि मोजमाप करताना आकडा पडद्यावर दिसू नये अशी सोय करण्यात आली, जेणेकरून अपेक्षित आकड्याकडे हात झुकू नये. एवढा खर्च परवडत नसेल, तरी प्रत्येक केंद्रातील काही प्रतिमा दुसऱ्या केंद्रातील तज्ज्ञाकडून नियमितपणे तपासून घ्याव्यात.

मृत जन्माची नोंद कोणत्या आठवड्यापासून करायची, २२ की २८, हेही आधीच ठरवावे. जुळ्यांची नोंद स्वतंत्रपणे करावी. नैतिकता समितीची मान्यता बहुतेकदा प्रत्येक केंद्राला वेगळी घ्यावी लागते आणि या प्रक्रियेत अनेक महिने जाऊ शकतात, त्यामुळे सर्व केंद्रांचे अर्ज एकाच वेळी सुरू करावेत. संमती मात्र गर्भारपणाच्या सुरुवातीच्या भेटीतच, निवांतपणे घ्यावी. कळा सुरू झालेल्या स्त्रीपुढे संमतीपत्र ठेवणे मला अन्यायाचे वाटते, आणि अशा संमतीला फारसा अर्थही नसतो. रक्त, नाळ किंवा वार यांचे नमुने घ्यायचे असतील, तर नमुना घेतल्यापासून उणे ८० अंशांच्या शीतपेटीत जाईपर्यंतची वेळ प्रत्येक नमुन्यासोबत नोंदवावी. मुदतपूर्व प्रसूती दिवसा-रात्री केव्हाही होऊ शकते, हे ध्यानात घेऊन रात्रपाळीतही प्रशिक्षित माणूस ठेवावा.

सर्वांत जास्त गळती प्रसूतीच्या वेळी होते. अचानक कळा आलेली स्त्री जवळ असेल त्या रुग्णालयात जाते, आणि अभ्यासाला नेमकी हवी असलेली नोंद हातची जाते. ही गळती सरसकट नसते. ती मुदतपूर्व प्रसूतींतच अधिक होते, म्हणून निष्कर्षच बदलू शकतो. नोंदणीच्या वेळी तिच्या परवानगीने आणखी दोन नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक घ्यावेत, आसपासच्या रुग्णालयांशी आधीच बोलून ठेवावे, आणि अपेक्षित तारखेची वाट न पाहता विसाव्या आठवड्यानंतर ठरावीक काळाने चौकशी करावी. बाळ दगावल्याचे कळताच त्या स्त्रीला जाणारे सर्व स्वयंचलित संदेश त्याच दिवशी थांबतील, अशी व्यवस्था पहिल्या नोंदणीपूर्वी झालेली असावी. बाळाच्या वाढीची विचारपूस करणारा संदेश तिला जाणे अक्षम्य आहे.

नोंदी येऊ लागल्या की केंद्रनिहाय आलेख दर महिन्याला पाहावेत. जन्मवजने २५०० ग्रॅमसारख्या गोल आकड्यांवर दाटलेली दिसली, तर वजन अंदाजे लिहिले जात आहे किंवा काटा तरी नीट नाही असे समजावे. अशा वेळी पत्र न पाठवता समन्वयकाने स्वतः त्या केंद्रावर जावे, प्रसूतिकक्षात उभे राहून एक वजन घेताना पाहावे, आणि दोष सापडल्यास त्या काळातील नोंदींवर तशी खूण करून त्या विश्लेषणात वेगळ्या ठेवाव्यात.