धंद्यासाठी प्रेशर वॉशर घेण्याआधी काय काय मोजून ठेवायचं

ऑगस्ट सरत आला की ठाण्यातल्या सोसायट्यांचे फोन सुरू होतात. कंपाउंडची भिंत हिरवी पडलेली असते, पार्किंगच्या रॅम्पवर शेवाळ धरलेलं असतं, पोडियमवर (पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत) कुणीतरी घसरून पडलेलं असतं आणि गणपती तोंडावर आलेले असतात. नेमकं त्याच दिवसांत साफसफाईचा छोटा धंदा नव्याने सुरू केलेली मुलं मला विचारतात, "ताई, किती बारचं मशीन घेऊ?" म्हणजे पाण्याची धार किती दाबाने मारणारं प्रेशर वॉशर घेऊ. या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, कारण मशीन कोणत्या नळाला आणि कोणत्या प्लगला जोडणार हे कळल्याशिवाय बार सांगून उपयोग नसतो. म्हणून दुकानात जायच्या आधी एक रविवार मोकळा ठेवा. 20 लिटरची बादली, मोजपट्टी, वही आणि घड्याळ असलेला फोन एवढं सामान पुरतं. ज्या तीन-चार सोसायट्यांचं काम मिळायची खात्री आहे तिथे जाऊन या.

पहिली गोष्ट पाणी. वॉचमनकाकांना सांगून पार्किंगमधला नळ पूर्ण सोडायला लावा, खाली बादली धरा आणि सेकंद मोजा. 20 लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर नळाला मिनिटाला साधारण 13 लिटर पाणी आहे. मिनिटाला 9 लिटर ओढणाऱ्या मशीनला ते पुरतं, 13 ओढणाऱ्याला पुरत नाही. मशीनच्या गरजेपेक्षा नळाला दीडपट पाणी असलं की निर्धास्त राहायचं. पाणी कमी पडलं की पंप हवा खातो, आतून खडखडाट ऐकू येतो, गनमधली धार तुटक येते, आणि असं आठवडाभर चाललं की सील आणि व्हॉल्व्ह गेलेच समजा. नळ कमजोर निघाला तर 200 लिटरचं ड्रम मध्ये ठेवायचं, पण घ्यायचं ते मशीन ड्रममधून पाणी ओढू शकतं का हे आधी विचारून घ्या. सगळी ओढत नाहीत. आणि 200 लिटरचं ड्रम 9 लिटरच्या मशीनपुढे बावीस-तेवीस मिनिटांत रिकामं होतं, हेही वहीत लिहून ठेवा.

पाण्याचा हिशेब सेक्रेटरीलाही द्यावा लागतो. मिनिटाला 9 लिटर म्हणजे गन सतत दाबून धरली तर तासाला 540 लिटर. नवी मुंबईला महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, ठाण्याला स्वतःचं धरण नाही, आणि घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. एप्रिल-मे महिन्यात तिथे कोणी तुम्हाला पिण्याच्या टाकीचा नळ देणार नाही, आणि देऊही नये. बोअरचं पाणी मिळेल. पण खाडीलगत बोअरचं पाणी खारं असू शकतं, क्षार पंपात बसतात, नोझलचं, म्हणजे गनच्या टोकाचं, भोक बुजवतात. अशा ठिकाणी काम करायचं असेल तर इनलेटला, म्हणजे मशीनमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाला, धुता येईल असा पारदर्शक फिल्टर घ्या, आणि काम संपल्यावर दोन मिनिटं गोडं पाणी मशीनमधून सोडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता वीज, आणि इथे मी स्वतः मार खाल्ला आहे. पहिलं मशीन घेतलं तेव्हा घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत पोडियमचं काम होतं. प्लग मीटर रूमबाहेर आणि काम तिथून तीस मीटरवर. घरातली दीड स्क्वेअर एमएमची एक्स्टेन्शन वायर जोडली. बटण दाबल्यावर मोटर नुसतीच घुमायला लागली, फिरेना. मी दोनदा बंद करून पुन्हा चालू केलं. तिसऱ्या वेळी वार्निश जळल्याचा वास आला आणि मोटरच्या फटीतून पांढरा धूर निघाला. वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, गेलं होतं. नंतर वाइंडिंगवाल्याने कागदावर गणित मांडून दाखवलं. 2.2 किलोवॉटची सिंगल फेज मोटर चालताना 12-13 अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या चार-पाच पट ओढते. तीस मीटर बारीक वायरमध्ये त्या क्षणी चाळीसेक व्होल्ट वाटेतच जातात, मोटरला उठायला जोर उरत नाही आणि सगळा करंट उष्णतेत जातो. हीच वायर 4 स्क्वेअर एमएमची असती तर पंधराच्या आसपास व्होल्ट गेले असते. म्हणून मशीनच्या बजेटमध्येच 4 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या थ्री-कोअर केबलचे पैसे धरा. केबल वापरताना रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापते.

सोसायटीत प्लग बघताना तो 16 अँपिअरचा आहे का, अर्थिंग खरंच आहे का की नुसतं तिसरं भोक आहे, आणि कुठल्या एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आहे हे बघा. वॉचमनच्या केबिनमधला 6 अँपिअरचा प्लग चालणार नाही. 16 अँपिअर गुणिले 230 व्होल्ट म्हणजे 3,680, तेव्हा साडेतीन किलोवॉटच्या वरचं मशीन साध्या प्लगवर चालवायचा विचारच सोडून द्या. थ्री फेज मशीन ताकदवान असतं, पंप संथ फिरतो, वर्षानुवर्षं टिकतो, पण निवासी सोसायटीत थ्री फेजचं सॉकेट तुम्हाला कोण देणार? रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा इथल्या कारखान्यांची कामं पक्की असतील तरच ते घ्या. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड मात्र स्वतःचा बांधून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःबरोबर न्या. पाण्यात उभा असलेला माणूस आपला असतो, सोसायटीच्या अर्थिंगवर त्याचा जीव सोडायचा नाही.

एवढं वहीत उतरलं की दुकानात जा, पण मशीनच्या पाटीवरचा आकडा वाचायला शिकून जा. बार म्हणजे दाब, एक बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय (दाबाचंच दुसरं माप). लिटर म्हणजे मिनिटाला किती पाणी बाहेर पडतं. दाब चिकटलेली घाण सोडवतो, पाणी ती वाहून नेतं. नुसत्या बारच्या मागे लागलात तर बारीक सुईसारखी धार मिळते, भिंतीवर रेघा उठतात आणि हजार फुटांचं पोडियम धुता धुता संध्याकाळ होते. पाटी खरी की खोटी हे तपासायचं गणित सोपं आहे: बार गुणिले लिटर, भागिले 600, म्हणजे पाण्याला मिळालेले किलोवॉट. मोटर आणि पंप मिळून पाव हिस्सा तरी खातात, म्हणून हा आकडा मोटरच्या किलोवॉटपेक्षा बराच कमी यायला हवा. माझ्यासमोर एकाने 2.2 किलोवॉटच्या मोटरवर 200 बार आणि 12 लिटर छापलेलं मशीन ठेवलं होतं. 200 गुणिले 12 म्हणजे 2,400, भागिले 600 म्हणजे 4 किलोवॉट. 2.2 घालून 4 कसे निघतील? असे 'मॅक्स' आकडे गन बंद करतानाच्या क्षणाचे असतात किंवा नुसते छापलेले असतात. रेटेड, म्हणजे काम करताना सतत मिळणारा आकडा, किती तेवढंच विचारा. सोसायटीच्या कामाला 110 ते 130 बार, मिनिटाला 8 ते 10 लिटर आणि अडीच किलोवॉटच्या आसपासची सिंगल फेज मोटर पुरते, असं मी आज ठामपणे सांगेन.

मोटर इंडक्शनची, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, हवी. कार्बन ब्रशवाली छोटी पिवळी-हिरवी मशीनं घरची गाडी धुवायला ठीक आहेत, दिवसाचे चार-पाच तास ती झेपवत नाहीत, आणि धंद्यात वापरलेली कळली की बऱ्याच कंपन्या त्यांची वॉरंटी मानत नाहीत. पाटीवर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, बघा: 1,450 च्या आसपास फिरणारा पंप 2,800 च्या पंपापेक्षा कमी झिजतो, आवाजही कमी करतो. दुपारी दोन ते चार या वेळात सोसायटीत राहणाऱ्यांना आवाज हा पहिला मुद्दा असतो. पंपाचं डोकं पितळेचं आणि प्लंजर, म्हणजे आत पाणी ढकलणारे दांडे, सिरॅमिकचे असावेत. तेलाची काचेची खिडकी असलेला पंप घ्या. त्या खिडकीत तेल दुधासारखं दिसलं की सील गळून पाणी आत शिरलं आहे, हे नवख्या हेल्परलाही कळतं.

ऑटो स्टॉप नसलेल्या मशीनमध्ये गन सोडली तरी मोटर चालूच राहते, तेच पाणी पंपात गोल फिरतं आणि तापतं. हेल्पर चहाला गेला आणि दहा मिनिटं मशीन तसंच राहिलं तर सील गेले. म्हणून दोन-तीन मिनिटांच्या वर थांबायचं तर बटण बंद करायचं, हे काम सुरू करायच्या आधी मुलांच्या अंगवळणी पाडा.

सुट्या भागांची चौकशी करताना लाजू नका. दुकानदाराला सरळ विचारा, "सील किट आत्ता दुकानात आहे का? दाखवा. किंमत किती?" उत्तर "मागवून देऊ" असं आलं तर वहीत तसं लिहा आणि पुढच्या दुकानात जा. गणपतीच्या आठवड्यात मशीन पंधरा दिवस बंद राहिलं तर गेलेलं काम परत येत नाही. पंप नावाजलेल्या बनावटीचा असेल तर त्याचे सील मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला कुठल्या तरी दुकानात मिळतात. कुठलंच नाव नसलेल्या पंपाला अख्खा पंपच बदलावा लागतो.

होज (दाबाचा पाइप) आणि गनच्या चुड्यांबद्दल, म्हणजे आट्यांच्या जोडांबद्दल, कोणी आधी सांगत नाही. बहुतेक मशीनना एम 22 ची चुडी असते, पण तिच्या आतला नळीचा तुकडा काहींत 14 मिलिमीटरचा आणि काहींत 15 चा असतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, आटेही बसतात, आणि दाब चढला की जोडातून पाण्याचा फवारा उडतो. मग माणूस पान्याने आवळत बसतो, ओ-रिंग बदलतो, टेफ्लॉन गुंडाळतो. दोष फक्त एका मिलिमीटरचा असतो. मशीनचं तोंड कॅलिपरने मोजून आकडा मशीनवरच मार्करने लिहा. होज तारेच्या जाळीची घ्या, सोबत येणारी 8-10 मीटरची अपुरी पडते, म्हणून आणखी 10 मीटर.

नोझल रंगावरून ओळखतात, अंश म्हणजे धार किती पसरते ते: लाल शून्य अंश, पिवळं 15, हिरवं 25, पांढरं 40, काळं साबणाचं. लाल नोझल मी मुलांच्या हातात देतच नाही. रोजचं काम हिरव्यावर आणि पांढऱ्यावर होतं. मोकळ्या फरशीसाठी गोल झाकणासारखा सरफेस क्लीनर घ्या, रेघा न उठता काम कितीतरी लवकर होतं. नोझलचं भोक तुमच्या पंपाच्या लिटरशी जुळलेलं असावं. ते झिजून मोठं झालं की दाब उतरतो आणि लोक पंपाला दोष देतात.

मशीन कशावर चालवायचं नाही याचीही यादी करा, कारण नुकसान भरून द्यायची वेळ आली की वर्षभराचा नफा जातो. पोडियमच्या एक्स्पान्शन जॉइंटमधलं (स्लॅबच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीतलं) सीलंट जवळून मारलेल्या धारेने फाटतं आणि पुढच्या पावसात खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर पाणी ठिबकतं. पेव्हर ब्लॉकच्या फटीतली रेती उडाली की ब्लॉक हलायला लागतात. तिथे धार आडवी आणि लांबून धरायची, आणि शेवटी फटी पुन्हा भरून द्यायच्या. रंगाचे पापुद्रे निघतात. सोलर पॅनलवर हे मशीन वापरू नका. लिफ्टच्या दाराशी उंबऱ्यावर आधी गोणपाट किंवा वाळूची पिशवी लावा, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं तर तो दिवस तिथेच संपतो. मीटर रूमच्या बाजूला तर हाताने ब्रश मारा.

पेट्रोलवर चालणारं मशीन मोकळ्या प्लॉटवर उपयोगी पडतं, पण बेसमेंटमध्ये किंवा बंद पार्किंगमध्ये कधीही चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. गरम पाण्याचं मशीन तेलकट कामासाठी आहे, हॉटेलची किचनं आणि गॅरेज मिळेपर्यंत त्यात पैसे अडकवू नका. ॲसिड कुठल्याही परिस्थितीत पंपातून ओढायचं नाही, ते वेगळ्या फवारणीच्या पंपाने मारा आणि नंतर धुवा.

गमबूट, गॉगल आणि जाड हातमोजे मशीनच्या बिलासोबतच घ्या. धारेने कातडीला टाचणीएवढं भोक पडलं तर त्याला पट्टी लावून कामाला परत पाठवू नका. पाणी आणि घाण मांसात खोलवर गेलेली असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना 'हाय प्रेशर पाण्याने झालं' असं स्पष्ट सांगा, हात वाचायचा असेल तर लवकर शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

पैशांचं थोडक्यात: पक्कं बिल घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर मशीनवरचा कर वळता करून घेता येतो. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, आणि मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, त्यात मशीन, केबल आणि होज बसू शकतात. मशीन छोटा हत्तीत चढवायला दोन माणसं पुरतील का, चाकं पायऱ्यांवर चालतील इतकी मोठी आहेत का आणि सोसायटीच्या सर्व्हिस लिफ्टच्या दारातून ते आत जातं का, हे मोजपट्टीने बघूनच होकार द्या.

पैसे देण्याआधी एकदा गन दाबून बघा. नोझल काढून ठेवू नका, लावूनच बादलीत धार सोडा आणि एक मिनिट मोजा. पाटीवर 9 लिटर लिहिलं असेल तर बादलीत 9 च्या जवळपास पाणी यायला हवं. घरी आणल्यावर पंपावर पांढऱ्या रंगाने पहिल्या दिवसाची तारीख लिहा आणि रोज किती तास चाललं ते वहीत टिपा. पुस्तिकेत वेगळा आकडा दिला नसेल तर पहिलं तेल 50 तासांनी बदला.