वायरलेस चार्जर घरात ठेवायचा तर कुठं आणि कसा

लातूरला गंजगोलाईजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली वायरलेस चार्जर दाखवला की किमतीच्या आधी विचारतात, “भाऊ, यातनं लहरी निघतात म्हणे. लेकराला काही होणार तर नाही ना?”

वायरलेस चार्जर म्हणजे फोन वर ठेवायचा पॅड. त्याच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो, त्यातनं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनमधल्या वेटोळ्यात वीज उठते. घरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते, फक्त ती दोन हजार वॅटपर्यंत जाते आणि फोनचा पॅड बहुतेक पाच ते पंधरा वॅटचा. हे क्षेत्र एक्स-रेच्या जातीचं नाही, पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यात नसते. फार जोरदार असेल तर मज्जातंतू चाळवतात, अंग तापतं. म्हणून तर आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगानं २०१० मध्ये सामान्य माणसासाठी २७ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) ही पातळी ठरवली. पॅडला चिकटून क्षेत्र सगळ्यात जास्त, आणि थोडं लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर जवळपास आठव्या हिश्शावर येतं. तेव्हा पॅड उशीखाली नको, हातभर लांब स्टुलावर ठेवा. एवढं पुरतं. चार्जरवर चिकटवायचे ‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर मी विकत नाही, तुम्हीही घेऊ नका.

खरी काळजी पेसमेकरवाल्यांनी घ्यायची. कुणी काका छातीला हात लावून “मला मशीन बसवलंय” म्हणाले की मी पॅड बाजूला सारतो आणि आधी फोन कोणता ते बघतो. नव्या काही फोनच्या पाठीत चुंबकांचं कडं असतं, आणि चार्जिंग चालू नसलं तरी ते चुंबकच. चुंबक फार जवळ आला तर पेसमेकर ठरावीक ठोक्यावर जाऊ शकतो. हृदयाला शॉक देणारं यंत्र असेल तर ऐनवेळी शॉकच थांबू शकतो. अ‍ॅपलनंच सांगितलंय: फोन यंत्रापासून १५ सेंटिमीटरहून लांब, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० हून लांब. आमच्याकडं फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात, आणि यंत्रही बहुतेक डाव्या गळपट्टीच्या हाडाखालीच! खिसा बदला. यंत्राचं कार्ड घेऊन डॉक्टरांनाही एकदा विचारा. कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा कमरेला इन्सुलिन पंप असेल तरी तेच.

पॅड आणि फोनच्या मधे नाणं, किल्ली, चुन्याची पत्र्याची डबी राहू देऊ नका, धातू तापतो. चांगला चार्जर ते ओळखून बंद पडतो, म्हणून खोक्यावर ‘Qi’ हे वायरलेस चार्जिंगच्या मानकाचं चिन्ह बघून घ्या. गादीवर, गोधडीवर पॅड ठेवू नका. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तर वायरलेस नकोच. बॅटरी आधीच तापलेली असते. तेव्हा मीसुद्धा वायरच लावतो.