‘बोर्ड’ कुठे, ‘एम्बार्क’ कुठे?

मराठीत आपण बोटीवर चढतो, विमानात बसतो, गाडी पकडतो. इंग्रजीत या तिन्हींसाठी ‘बोर्ड’ चालतं. ‘एम्बार्क’ तसं सरसकट चालत नाही.

‘बोर्ड’ म्हणजे फक्त आत पाऊल टाकणं. जुन्या इंग्रजीत जहाजाच्या बाजूलाही हाच शब्द होता. आता तो बस, रेल्वे, विमान सगळ्यांना लागतो. मोटारीला मात्र नाही, तिथे ‘गेट इन’ म्हणा. पुढे कर्म थेट येतं: ‘वुई बोर्डेड द ट्रेन’. आपल्या डोक्यात ‘गाडीत’मधला ‘त’ घोळत असतो, म्हणून हातून ‘बोर्डेड इन द ट्रेन’ लिहिलं जातं. तो ‘त’ या क्रियापदाच्या पोटातच आहे, वेगळा ‘इन’ किंवा ‘इन्टू’ नको.

‘एम्बार्क’मध्ये प्रवासाला निघणं येतं, तेही मुख्यतः जहाजाने, कधी विमानाने. शब्द फ्रेंचमधून आला, त्यातला ‘बार्क’ म्हणजे जहाज. तटरक्षक संशयित बोट तपासायला तिच्यावर चढतात, तेव्हा ते ती बोट ‘बोर्ड’ करतात. तिथे ‘एम्बार्क’ लिहिलंत, तर ते त्याच बोटीने सफरीला निघाले असा अर्थ होईल. कुठे निघालो ते ‘फॉर’ने सांगा: ‘दे एम्बार्क्ड फॉर द आयलंड’. ‘द शिप एम्बार्क्ड 200 पॅसेंजर्स’ हेही बरोबर आहे. जहाजाने 200 प्रवासी चढवून घेतले.

नव्या कामाला हात घालणं या अर्थी फक्त ‘एम्बार्क’, आणि ‘ऑन’ हवाच: ‘शी एम्बार्क्ड ऑन अ न्यू करिअर’. पुढे क्रियापद आलं तर ‘एम्बार्क टू राइट’ नाही, ‘एम्बार्क ऑन रायटिंग’. काम मोठं, लांब पल्ल्याचं असेल तरच हा शब्द शोभतो. अडलात तर त्या जागी ‘प्रस्थान ठेवलं’ घालून पाहा. बसलं तर ‘एम्बार्क’, नुसतं ‘चढलो’ पुरत असेल तर ‘बोर्ड’.

जहाजातून किंवा विमानातून उतरण्याला ‘डिसएम्बार्क’. बस-रेल्वेतून रोजच्या बोलण्यात ‘गेट ऑफ’.

प्रवासाच्या फॉर्मवर ‘पोर्ट ऑफ एम्बार्केशन’ असा रकाना दिसला, तर जिथून जहाजात वा विमानात चढलात ते ठिकाण लिहा, जिथे उतरणार ते नव्हे.