तोच की तसाच? जावात ऑब्जेक्ट हाताळताना या चुका टाळा

सभासद क्रमांक १२७ पर्यंत सगळं व्यवस्थित चाललं होतं. १२८ पासून पुढच्या एकाही सभासदाचं व्याज जमा होईना. काम एका पतसंस्थेच्या छोट्या सॉफ्टवेअरचं, जावा या प्रोग्रामिंग भाषेतला कोड माझाच, आणि मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. टेस्टिंगसाठी मी शंभर सभासदांची बनावट यादी घेतली होती, ती बिनबोभाट पास झाली. खरे सभासद हजाराच्या वर होते. दोन दिवस मी आधी डेटाबेसवर संशय घेतला, मग व्याजाच्या सूत्रावर, मग ज्याने यादी भरली त्या बिचाऱ्या क्लार्कवर. चूक निघाली एका ओळीत. दोन क्रमांक जुळतात का हे मी == लावून बघत होतो, आणि दोन्ही बाजूंना साधा इंट नव्हता, इंटिजर होता.

इंट म्हणजे नुसता आकडा. इंटिजर म्हणजे त्या आकड्याला गुंडाळून केलेला ऑब्जेक्ट, मेमरीत स्वतःची जागा असलेला माहितीचा डबा. ऑब्जेक्टांच्या मध्ये == लिहिलं की जावा एवढंच बघते की दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आहे का. आत काय आहे ते ती उघडून बघत नाही. मग १२७ पर्यंत तरी कसं चाललं? -१२८ ते १२७ या आकड्यांचे इंटिजर जावा आधीच बनवून ठेवते आणि आकडा आपोआप गुंडाळायची वेळ आली की त्यांतलाच काढून देते. म्हणून तिथे दोन्हीकडे खरोखरच एक ऑब्जेक्ट येतो. १२८ ला सहसा दर वेळी नवा कोरा ऑब्जेक्ट, आणि == म्हणतं, नाही, हे वेगळे आहेत. खरंच बोलतं ते.

मराठीत यासाठी दोन सरळ शब्द आहेत: तोच आणि तसाच. शेजारी चिवडा भरून गेलेला स्टीलचा डबा परत आला, तो तोच की तसाच, हे कळावं म्हणून तर आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. == विचारतं ‘तोच का?’ आणि इक्वल्स (ऑब्जेक्टाला करायला सांगता येणारं एक काम, म्हणजे मेथड) विचारतं ‘तसाच का?’ गेली काही वर्षं मी इतरांचा कोड तपासतोय, आणि ऑब्जेक्टांच्या कोडातल्या ज्या चुका दिवस दिवस खातात त्यांतल्या बऱ्याचशा या दोन शब्दांची गल्लत केल्यामुळे झालेल्या असतात.

स्ट्रिंगचं, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या ऑब्जेक्टाचंही तेच. कोडात अवतरणात लिहिलेले दोन ‘पुणे’ जावा एकाच ठिकाणी ठेवते, त्यामुळे घरी करून पाहिलेल्या उदाहरणात == चालतं. तोच शब्द फॉर्ममधून किंवा डेटाबेसमधून आला की फसतं. स्ट्रिंगला == लावलेलं दिसलं की पुढचं न वाचताच मी शेरा मारतो.

आता इक्वल्स वापरलं म्हणजे सुटलो, असंही नाही. पैशांसाठी बिगडेसिमल, म्हणजे दशांश आकडे नेमके ठेवणारा प्रकार, वापरणं बरोबरच आहे (डबलमध्ये, जिथे दशांश अंदाजे साठतात, पैसे ठेवणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडून दिलंय), पण ५००.० आणि ५००.०० हे दोन बिगडेसिमल इक्वल्सच्या हिशेबी वेगळे असतात, कारण ते दशांशानंतरची घरंही मोजतं. रक्कम सारखी आहे का हे बघायचं तर कंपेअर-टू वापरा आणि उत्तर शून्य येतं का ते पाहा. युआरएल या वेब पत्त्यांच्या क्लासचं (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) इक्वल्स तर यजमान-नावांचे आयपी पत्ते शोधायला नेटवर्कवर जातं. नुसती तुलना करताना प्रोग्राम का अडखळतोय म्हणून डोकं खाजवत बसलेला माणूस मी पाहिलाय. तिथे युआरआय हा क्लास वापरा, तो कुठेही जात नाही.

ठेवलेला ऑब्जेक्ट सापडत नाही

हॅशसेट हा ऑब्जेक्ट ठेवायचा साठा, आणि कंटेन्स म्हणजे ‘हा आत आहे का?’ हा प्रश्न. तक्रार साधारण अशी येते: ‘हॅशसेटमध्ये घातलाय. प्रिंट केला तर दिसतो. पण कंटेन्स विचारलं तर फॉल्स.’ सांगणाऱ्याला आपल्यावर करणी झाल्यासारखं वाटत असतं.

हॅशसेट आणि हॅशमॅप (किल्लीवरून किंमत काढून देणारा साठा) कसे शोधतात ते टपालाच्या वाटपावरून चटकन कळतं. पत्र आलं की कोणी आधी संपूर्ण पत्ता वाचत नाही, पिनकोड बघून ते त्या गठ्ठ्यात टाकतात. पत्ता वाचायची पाळी नंतर, गठ्ठा पोचल्यावर. (ही पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृतातले कवीही होते.) हॅशकोड (ऑब्जेक्टावरून काढलेला एक आकडा) म्हणजे पिनकोड, इक्वल्स म्हणजे पूर्ण पत्ता. हॅशमॅप सुरुवातीला १६ खणांचा, म्हणजे १६ गठ्ठ्यांचा, असतो. बारापेक्षा जास्त नोंदी झाल्या की तो ३२ खणांचा होतो आणि सगळं पुन्हा लावतो.

यातून नियम आपोआप निघतो. दोन पत्ते सारखे असतील तर पिनकोड सारखाच हवा. उलट मात्र खरं असायला नको, एका पिनकोडात हजारो घरं असतात. तुम्ही इक्वल्स लिहिलं आणि हॅशकोड लिहायला विसरलात, तर दोन सारख्या ऑब्जेक्टांना वेगवेगळे पिनकोड मिळतात आणि शोधणारा भलत्याच खणात हात घालतो. योगायोगाने खण बरोबर निघाला तरी हॅशमॅप आधी साठवलेला हॅशकोड ताडून बघतो आणि तिथेच नाही म्हणतो.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. दोन्ही मेथड नीट लिहिल्यात, ऑब्जेक्ट सेटमध्ये घातला, आणि मग सेटरने (किंमत बदलणाऱ्या मेथडने) त्याचं एक फील्ड, म्हणजे आतली एक माहिती, बदललं. म्हणजे पत्र खणात पडल्यावर त्यावरचा पिनकोड खोडून दुसरा लिहिला. पत्र जुन्याच खणात, शोध नव्या खणात. सगळ्या नोंदी एकेक करून छापल्या तर ते दिसणार, कारण तेव्हा सगळेच खण उघडले जातात. म्हणून ‘दिसतो पण सापडत नाही’.

डेटाबेसशी बोलणाऱ्या एंटिटी क्लासांत हे हमखास घडतं. हॅशकोड आयडीवर बेतलेला असतो, सेव्ह होण्याआधी आयडी नल (म्हणजे काहीच नाही) असतो, त्या अवस्थेत ऑब्जेक्ट सेटमध्ये जातो. सेव्ह झाला की आयडी येतो, आणि तो ऑब्जेक्ट स्वतःच्याच सेटमध्ये परका होतो. हॅशच्या कुठल्याही साठ्यात जाणारी किल्ली न बदलणारी ठेवा. जावा १६ किंवा पुढची आवृत्ती असेल तर अशा छोट्या किल्ल्यांसाठी रेकॉर्ड वापरा, दोन्ही मेथड ते स्वतःच लिहितं.

आणि एक बारकी गोष्ट. इक्वल्सला येणारा पॅरामीटर ऑब्जेक्ट या प्रकाराचाच हवा. हौसेने तिथे ‘सभासद’ लिहिलंत तर ती वेगळीच मेथड होते, मूळची तशीच राहते आणि हॅशसेट मूळचीच वापरतो. मेथडच्या डोक्यावर ओव्हरराइडची (‘वारशातली मेथड मी बदलतोय’ अशी) खूण टाकलेली असेल तर कंपायलर जागेवरच पकडतो. त्या एका ओळीचा कंटाळा करू नका.

झेरॉक्स द्या, मूळ प्रत नको

शाळा सोडल्याचा दाखला कुणी मागितला तर आपण झेरॉक्स देतो. गेटर (आतली माहिती बाहेर देणारी मेथड) लिहिताना मात्र मूळ दाखला बिनदिक्कत हातात ठेवतो. क्लासमध्ये फील्ड प्रायव्हेट आहे, भोवती कुंपण आहे, आणि गेटरमधून आतली लिस्टच बाहेर दिली. घेणाऱ्याने त्यातली एक नोंद काढली की ती तुमच्या ऑब्जेक्टातूनही गेली, कारण त्याच्या हातात तशीच लिस्ट नाही, तीच लिस्ट आहे.

यावर लोक अनमॉडिफायेबल लिस्टचं वेष्टन घालतात. ते बरं आहे, पण ती प्रत नव्हे. ती काच आहे. पलीकडून हात घालता येत नाही, पण तुम्ही आतून लिस्ट बदललीत तर पलीकडच्याला ती बदललेली दिसते. खरी प्रत हवी तर जावा १० पासून लिस्टच्या कॉपी-ऑफने मिळते. तिथेही लिस्ट वेगळी झाली तरी आतले ऑब्जेक्ट तेच राहतात, हे ध्यानात असू द्या.

जुना डेट क्लास याच कारणाने बदनाम झाला. तारीख ही बदलू नये अशी गोष्ट, पण या डेटला सेटर आहेत. कर्जाची देय तारीख गेटरने बाहेर दिली, अहवाल बनवणाऱ्याने त्यात हिशेबासाठी तीस दिवस मिळवले, आणि कर्जदाराला महिन्याची आयती मुदतवाढ मिळाली! २०१४ साली जावा ८ बरोबर लोकलडेट वगैरे नवे क्लास आले. त्यांत दिवस मिळवले की नवा ऑब्जेक्ट मिळतो, जुना आहे तसा राहतो. अजून जुना डेट वापरत असाल तर निदान नव्या कोडात तरी तो येऊ देऊ नका.

पायथॉनवाल्यांचीही सुटका नाही. फंक्शनच्या पॅरामीटरला मूळ किंमत म्हणून रिकामी लिस्ट दिली, तर ती लिस्ट फंक्शन बनताना एकदाच तयार होते आणि प्रत्येक कॉलला तीच वापरली जाते. पहिल्या ग्राहकाच्या वस्तू दुसऱ्याच्या पिशवीत. मूळ किंमत नन (पायथॉनमधला नल) ठेवा आणि लिस्ट आत बनवा.

वारसा घेताना

‘कोड परत लिहावा लागू नये’ एवढ्यासाठी एक्स्टेंड्स (एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घ्यायचा शब्द) लिहू नका. खुद्द जावाच्या घरात याचा नमुना आहे. स्टॅक हा क्लास व्हेक्टरपासून वारसा घेतो. स्टॅक म्हणजे एकावर एक ठेवलेली ताटं, घालायचं वरून आणि काढायचंही वरून. पण व्हेक्टरकडून वारशात आलेल्या मेथड वापरून कुणीही मधोमध ताट सरकवू शकतो किंवा तळातलं ओढू शकतो. स्टॅकला व्हेक्टरची मदत हवी होती, व्हेक्टर व्हायचं नव्हतं. आता जुने प्रोग्राम मोडतील म्हणून ते नातं तोडता येत नाही, आणि जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच स्टॅकऐवजी डेक वापरा असं सुचवतं. मदत हवी असेल तर तो ऑब्जेक्ट आत फील्ड म्हणून ठेवा आणि लागतील तेवढ्याच मेथड बाहेर उघडा.

वारशातला जो बग मला सगळ्यात खोडकर वाटतो तो कन्स्ट्रक्टरमधला, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडातला. आई-क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून एक मेथड बोलावली आहे, आणि मुलगा-क्लासने ती ओव्हरराइड केली आहे. नवा मुलगा बनवताना आधी आईचा कन्स्ट्रक्टर चालतो. तो ती मेथड बोलावतो, चालते मुलाची, पण त्या क्षणी मुलाची फील्ड अजून भरलेलीच नसतात. कधी नल मिळतो, कधी शून्य. त्याहून मजा म्हणजे मुलाच्या मेथडने एखादं फील्ड नीट भरलं, आणि कुणी त्याच्या घोषणेतच सवयीने ‘= नल’ लिहून ठेवलं असेल, तर आईचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर ती घोषणा चालते आणि भरलेलं पुसून टाकते. डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून आत बघायच्या साधनात) डोळ्यांदेखत किंमत येते आणि जाते. कन्स्ट्रक्टरमधून फक्त प्रायव्हेट किंवा फायनल मेथड बोलवा.

नल, आणि स्टॅक ट्रेस वाचायची पद्धत

नल रेफरन्सची कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल-डब्ल्यू भाषेत आणली, आणि २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. आपण त्याचे हप्ते भरतोय.

नल पॉइंटरची चूक (नसलेल्या ऑब्जेक्टाची मेथड बोलावल्याची) दिसली की त्या ओळीवर ‘नल नसेल तर’ अशी अट टाकून मोकळं होणं ही चूक नंबर एक. ती ओळ फक्त प्रेत सापडल्याची जागा आहे, नल जन्मला दुसरीकडे. स्टॅक ट्रेस (चुकीपर्यंत कुठल्या मेथडमधून आलो त्याची यादी) लांबलचक असेल तर ‘कॉज्ड बाय’ शब्द शोधत खाली जा आणि शेवटचं बघा, मूळ कारण सहसा तिथे असतं. मग त्याखाली तुमच्या स्वतःच्या पॅकेजची पहिली ओळ. एका ओळीत चार टिंबं लावून मेथड बोलावल्या असतील तर नेमकं कोण नल होतं हे जुन्या जावात कळायचं नाही. जावा १४ मध्ये ते नावानिशी सांगायची सोय आली आणि १५ पासून ती आपोआप चालू असते. आणि रिकामी लिस्ट द्यायची जागा असेल तिथे रिकामी लिस्टच द्या, नल नको.

एकाच कपात दोघांचा चहा

लोड वाढल्यावरच दिसणारा, तुमच्या मशीनवर कधीच न दिसणारा प्रकार. वेब अॅप्लिकेशनमध्ये सर्व्हिसचा ऑब्जेक्ट बहुतेक वेळा एकच असतो आणि सगळ्यांच्या विनंत्या तोच हाताळतो. त्याच्या फील्डमध्ये चालू वापरकर्त्याचं नाव ठेवलं की दुसऱ्याची विनंती ते बदलून टाकते आणि एकाचं खातं दुसऱ्याला दिसतं. तारखा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सिंपल-डेट-फॉरमॅटचा एकच ऑब्जेक्ट सगळ्यांत वाटला तर तारखाही अशाच एकमेकींत मिसळतात, कारण तो आत स्वतःची अवस्था ठेवतो. डेट-टाइम-फॉरमॅटर ठेवत नाही. विनंतीपुरती माहिती मेथडमध्येच, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा.

यांतलं काहीही शोधताना मी सगळ्यात आधी एक करतो. संशयित ऑब्जेक्ट जिथे बनतो आणि जिथे बिघडलेला सापडतो, अशा दोन्ही जागी थांबून त्याची ओळख बघतो. डीबगर प्रत्येक ऑब्जेक्टला एक क्रमांक देतो, इंटेलिजे या कोड लिहायच्या साधनात तो क्लासच्या नावापुढे @ लावून दिसतो. प्रॉडक्शनमध्ये डीबगर लावता येत नसेल तर सिस्टमची आयडेंटिटी-हॅशकोड मेथड लॉगमध्ये छापा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं. डब्यावरचं नाव वाचण्यासारखंच आहे हे. दोन वेगळे हवे असताना एकच क्रमांक आला तर कुणीतरी मूळ प्रत वाटली आहे. एकच हवा असताना दोन आले तर मध्ये कुठेतरी नवा बनतोय, आणि तुम्ही बदल भलत्याच ऑब्जेक्टात करताय.

पतसंस्थेच्या त्या कोडात अखेर दोनच बदल झाले. == च्या जागी इक्वल्स आलं, आणि टेस्टच्या यादीत एक बनावट सभासद वाढला, क्रमांक १२८.